बेरिलनंतरचं कॅरिआकू: स्कूबा डाइव्हिंगला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ चौथ्या श्रेणीत असताना थेट कॅरिआकूवर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा देशाचं हे धाकटं बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. इथल्या आणि शेजारच्या पेटीट मार्टिनीकच्या दहातल्या नऊहून जास्त इमारतींना मार बसला. अशा बेटावर सुट्टीला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी डाइव्हर्सकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

लोकांची घरं अजून उभी राहतायत. अशा वेळी तिथे मजेसाठी जाणं बरं दिसतं का?

जावं. पर्यटक फिरकलाच नाही, तर बोटवाला, गेस्टहाउस चालवणारी बाई, मासे विकणारा आणि टॅक्सीवाला, सगळ्यांचं उत्पन्न एकदम थांबतं. घर बांधायला लागणारा पैसा त्यांना त्यातूनच उभा करायचा असतो. मात्र बेटावर ज्या गोष्टींची टंचाई आहे, त्यांवर आपला भार पडू देऊ नये. पाणी, वीज, इंधन आणि दवाखाना या त्या गोष्टी. राहायला स्थानिक माणसाचं गेस्टहाउस घ्या, जेवण गावातच करा, आणि बुकिंग रद्द करावं लागलं तर आगाऊ रक्कम परत मागण्याचा हट्ट धरण्याऐवजी तारीख पुढे ढकलून घ्या.

निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आणि उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वादळाची बातमी चार दिवसांत शिळी होते, पण उन्मळलेली बाग पुन्हा धरायला वर्षं लागतात.

पाण्याखाली पाहण्यासारखं काही उरलंय का?

उरलंय, पण ते कुठे पाहायचं हे खोलीवर ठरतं. वादळी लाटांचा तडाखा सगळ्यात जास्त वरच्या आठ-दहा मीटरमध्ये बसतो. एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न ही फांद्यांची प्रवाळं तिथेच असतात आणि तीच आधी मोडतात. त्यांचे तुकडे लाटेबरोबर घरंगळत शेजारच्या प्रवाळांवर आपटतात. सी-फॅन (पंख्याच्या आकाराची मऊ प्रवाळं) मुळासकट उपटले जातात. मोठे बॅरल स्पंज बुडाशी कापल्यासारखे तुटतात. पंधरा-वीस मीटरच्या खाली मार झपाट्याने कमी होतो. तिथे मुख्य त्रास वाळू आणि गाळाचा: प्रवाळावर साचलेल्या गाळामुळे त्याला उजेड मिळत नाही.

भरून येण्याचा वेगही सारखा नसतो. एल्कहॉर्नची फांदी चांगल्या परिस्थितीत वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढते. दगडासारखं घट्ट, घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर, कधी त्याहून कमी. पिंपाएवढा घुमट उलटून पडलेला दिसला, तर तो तुमच्या आजोबांच्या आधीपासून तिथे असू शकतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं नुकसान वादळाच्या माथी मारता येत नाही. २०२३-२४ मध्ये समुद्र तापल्यामुळे जगभर प्रवाळ पांढरी पडली, त्यात कॅरिबियनही होता. २०२२ मध्ये काळ्या लांब काट्यांचे डायाडेमा सी-अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे सागरी प्राणी) पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेले. शेवाळ खाऊन प्रवाळाची जागा मोकळी ठेवणारा हाच प्राणी. म्हणून तुटलेल्या तुकड्यांवर हिरवट-तपकिरी शेवाळाची गादी दिसली तर नवल वाटू देऊ नका. मासे, कासवं, पाकट (रे) आणि कपारींतले लॉबस्टर मात्र मन भरेल इतके दिसतात.

कोणत्या जागा धराव्यात?

कॅरिआकूच्या पश्चिमेला सँडी आयलंड ऑयस्टर बेड हे संरक्षित सागरी क्षेत्र आहे, २०१० मध्ये घोषित झालेलं. सँडी आयलंडजवळचा उथळ भाग पहिल्या, चाचणीच्या डाइव्हला सोयीचा. सिस्टर रॉक्स ही जागा सुंदर आहे, पण तिथे करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, जोरात चालतो. अटलांटिकचं पाणी बेटांमधल्या खिंडीतून कॅरिबियनकडे रेटलं जातं, त्यामुळे खाली शांत आणि वळणावर एकदम धार असं होतं. माबूया बेटाजवळ दोन टगबोटी मुद्दाम बुडवलेल्या आहेत. वादळानंतर अशा बोटी सरकतात, त्यांचे पत्रे सुटतात, आत गाळ भरतो. बाहेरून पाहा, आत शिरू नका.

आमचा सल्ला असा की सुट्टीचे दोन भाग करावेत: अर्धे दिवस ग्रेनाडाच्या मुख्य बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, अर्धे कॅरिआकूत. बेरिलचा मार मुख्य बेटाच्या उत्तर भागाला जास्त बसला, दक्षिण बऱ्यापैकी वाचली. तिकडे मॉलिनियर उपसागरात २००६ पासूनचं पाण्याखालचं शिल्पउद्यान आहे, उथळ आणि निवांत. ऑक्टोबर १९६१ मध्ये आग लागून बुडालेलं बियांका सी हे प्रवासी जहाज सुमारे ५० मीटरवर पसरलंय. त्याचा तळ करमणुकीच्या डाइव्हिंगच्या ४० मीटर मर्यादेच्या खाली आहे, म्हणून अनुभवी डाइव्हरनेही वरच्या भागावरच समाधान मानावं.

मालवणला स्कूबा केलंय. तेवढं पुरे का?

मालवण किंवा ग्रँड आयलंडला प्रशिक्षकाने टाकीला धरून नेलेला पंधरा-वीस मिनिटांचा अनुभव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ओपन वॉटर कोर्स पूर्ण हवा. त्याची मर्यादा १८ मीटर. टगबोटींसाठी ॲडव्हान्स्ड हवं, म्हणजे ३० मीटर. तारकर्लीला हे कोर्स करता येतात आणि ते निघण्याआधी करून घेणं कधीही बरं. सावरत असलेल्या बेटावर प्रशिक्षक कमी असतात, त्यांना नवख्याच्या कोर्समध्ये चार दिवस अडकवू नये. सहा महिन्यांहून जास्त काळ पाण्यात गेला नसाल, तर आधी एक उजळणी डाइव्ह करा. तरंगण्यावरचा ताबा सुटला की मोडक्या प्रवाळाच्या सुट्या ढिगावर तुमचा एक फिन बसतो, आणि नुकताच चिकटू लागलेला तुकडा पुन्हा सुटतो.

कधी जावं?

जानेवारीच्या शेवटापासून मे पर्यंत. पाणी २६ ते २९ अंश, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचे वारे चढतात, तिथे त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. त्या दिवसांत पूर्वेकडच्या जागा बंद पडतात आणि मुख्य बेटाहून येणाऱ्या फेरीबोटीत पोटात ढवळतं. पावसाळ्यात दक्षिण अमेरिकेच्या ओरिनोको नदीचं गोडं, गढूळ पाणी इथवर येतं आणि वरचे काही मीटर हिरवट होतात. खाली गेल्यावर बरेचदा स्वच्छ लागतं. वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. एकदा मोडलेल्या बेटावर दुसरं छोटं वादळही भारी पडतं, कारण तात्पुरते पत्रे आणि दुरुस्त केलेले धक्के आधी जातात.

बुकिंग करण्याआधी डाइव्ह शॉपला नेमकं काय विचारायचं?

‘सगळं सुरू आहे ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. हे विचारा:

टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर मुख्य विजेवर चालतो की जनरेटरवर? जनरेटरचा धूर कुठे सुटतो आणि कॉम्प्रेसरची हवा कुठून घेतली जाते? फिल्टर शेवटचा कधी बदलला, किती तास चालला? हवेची शेवटची तपासणी कोणत्या तारखेची? बोटीवर ऑक्सिजन किती लिटर आहे? व्हीएचएफ रेडिओ चालतो का? बोट बांधायचे मुरिंग बोया जागेवर आहेत, की नांगर टाकावा लागतो? टाक्यांची हायड्रो-टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली मजबुतीची तपासणी) कधीची आहे?

चांगला दुकानदार या प्रश्नांनी रागावत नाही. त्याची नोंदवही तयार असते.

कॉम्प्रेसरबद्दल इतका आग्रह का?

कारण वादळानंतरच्या डाइव्हिंगमधला सगळ्यात छुपा धोका तिथे आहे. वीज गेली की जनरेटर येतो. जागा अपुरी असते, म्हणून तो कॉम्प्रेसरच्या शेजारीच ठेवला जातो. वारा फिरला की जनरेटरचा धूर हवा ओढणाऱ्या नळीत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरला जातो. उष्ण, दमट खोलीत कॉम्प्रेसर तापला तर त्याचं स्वतःचं तेल जळूनही हाच वायू तयार होतो. त्याला पकडणारा हॉपकॅलाइट नावाचा पदार्थ फिल्टरमध्ये असतो खरा, पण तो ओला झाला की निकामी होतो. दमट हवेत आधी ओलावा शोषणारा थर संपतो, मग हॉपकॅलाइट भिजतो. म्हणून थंड देशात ठरवलेले फिल्टरचे तास इथे धरता येत नाहीत, आधीच बदलावा लागतो.

या वायूला वास नाही, चव नाही. टाकीतल्या हवेला धुराचा किंवा तेलाचा वास आला तर ती टाकी सरळ परत करा, पण वास नाही म्हणून हवा शुद्ध असंही समजू नका. वरवर नगण्य वाटणारं १० पीपीएमचं (दहा लाखांत दहा भाग) प्रमाण ३० मीटरवर, चार बार दाबात, चौपट परिणाम करतं. लक्षणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं. वर येताना ऑक्सिजनचा दाब घटतो, त्यामुळे त्रास नेमका तेव्हा वाढतो. खिशात मावणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर मिळतो. चौघांच्या गटात एक असावाच, आणि प्रत्येक टाकी पाण्यात नेण्याआधी मोजावी. आकडा शून्याजवळच हवा. ५ पीपीएमच्या वर असेल तर डाइव्ह रद्द.

टाकी आणि रेग्युलेटर स्वतः कसं तपासायचं?

बहुतेक ठिकाणी ११ लिटरच्या ॲल्युमिनियम टाक्या असतात, २०० बारपर्यंत भरलेल्या. खांद्यावरचे ठोकलेले आकडे वाचा: हायड्रो-टेस्ट पाच वर्षांच्या आतली आणि आतून पाहणीचं स्टिकर एका वर्षाच्या आतलं हवं. पुरात बुडालेल्या, व्हॉल्व्ह उघडा राहिलेल्या रिकाम्या टाकीत समुद्राचं पाणी शिरतं आणि आतून गंज सुरू होतो.

रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) लावा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गेजकडे पाहत चार खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा फिल्टर चोंदलाय. डाइव्ह झाल्यावर फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरचा टाकीला बसणारा भाग) तोंडाशी असलेली धातूची छोटी जाळी उजेडात धरून पाहा. करड्या चकचकीत रंगाऐवजी हिरवट छटा आली असेल तर खारं पाणी गेलंय. लालसर तपकिरी म्हणजे स्टीलच्या टाकीतला गंज. काळी पूड म्हणजे कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा सुटून हवेत मिसळतोय, आणि हे दुकानदाराला त्याच दिवशी सांगायला हवं.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, मिळेलच असं धरू नका. ऑक्सिजनची मोठी सिलिंडरं जहाजाने येतात, आणि आली तर आधी दवाखान्याला. मिळालंच, तर टक्केवारी स्वतः मोजून टाकीवर लिहा. ३२ टक्क्यांची मर्यादा ३३ मीटर.

सोबत काय न्यावं?

बेटावर दुकानं असली तरी साठा नसतो, आणि मागवलेला ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) यायला पंधरवडा लागू शकतो. स्वतःचा मास्क आणि रेग्युलेटर निघण्याआधी सर्व्हिस करून न्या. एका डब्यात हे ठेवा: टाकीच्या व्हॉल्व्हचे चार ओ-रिंग, मास्कचा आणि फिनचा एकेक जादा पट्टा, माउथपीस, दहा-बारा केबल टाय, सिलिकॉन ग्रीस, डाइव्ह कॉम्प्युटरची बॅटरी, ॲलन-की. डीआयएन, म्हणजे टाकीला आट्यांनी बसणारा रेग्युलेटर असेल तर योक ॲडॉप्टर, म्हणजे तो पकडीच्या व्हॉल्व्हला बसवणारा जोड. दोर कापायचा छोटा कटर हवाच, कारण वादळात वाहून गेलेल्या होड्यांची जाळी आणि नायलॉनचे दोर अजून खडकांत अडकलेले सापडतात. तीच गोष्ट छपराच्या पत्र्यांची. वाळूत अर्धा गाडलेला पत्रा हातमोजाही कापतो, म्हणून तळावर हात टेकवू नका. करंटने वाहून गेलात तर दिसावं-ऐकू यावं म्हणून सिग्नल ट्यूब (पाण्यावर उभी राहणारी खुणेची नळी) आणि शिटी प्रत्येकाची वेगळी.

वीज २३० व्होल्ट, ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग. पॉवर बँक हातसामानात ठेवा. छोट्या विमानाने कॅरिआकूला जाणार असाल तर सामानाचं वजन आधी विचारा. फेरीला ही अडचण कमी. ग्रेनाडाची राजधानी सेंट जॉर्जेसहून फेरी दीड ते दोन तास घेते, आणि वाटेत किक एम जेनी या पाण्याखालच्या जिवंत ज्वालामुखीला ठरलेलं अंतर राखून वळसा घालते. रोख पैसे न्या. पूर्व कॅरिबियन डॉलरचा भाव अमेरिकन डॉलरशी २.७० ला बांधलेला आहे, आणि वीज गेली की कार्ड मशीनही गेलं.

गोडं पाणी कमी असेल तर सामान धुवायचं कसं?

कॅरिआकूत नदी नाही. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत साठवायचं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. छप्पर उडालं की घराचं पाणीही गेलं. म्हणून दुकानात नळाखाली सूट धरून उभं राहणं शोभत नाही.

दहा लिटरची एक बादली दोघांच्या सामानाला पुरते, क्रम नीट ठेवला तर. पहिल्यांदा कॅमेरा आणि कॉम्प्युटर. मग मास्क. मग रेग्युलेटर: फर्स्ट स्टेजवर कोरडी टोपी घट्ट बसवा, दहा मिनिटं बुडवून ठेवा, नळ्या हलवा, आणि पाण्यात असताना हवा सोडायचं पर्ज बटण दाबू नका. दाबलंत तर झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. त्यानंतर बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट) पोटात दोन तांबे पाणी घालून घुसळा आणि खालच्या व्हॉल्व्हने काढा. सूट सगळ्यात शेवटी. उरलेलं पाणी फ्लशला वापरा.

एका बेटाहून दुसऱ्याकडे जाताना सामान जंतुनाशकाने धुवावं लागतं. २०१४ पासून फ्लोरिडातून पसरलेला प्रवाळांचा ऊतकनाशक रोग कॅरिबियनभर फिरतोय. कोणतं द्रावण आणि किती वेळ, हे तिथलं दुकान सांगेल. ते टाळू नका.

प्रवाळ लावायला मदत करता येईल का?

स्थानिक कार्यक्रम चालू असेल आणि त्यांनी बोलावलं असेल तरच. तुटलेला जिवंत तुकडा वाळूत पडला तर मरतो आणि घट्ट खडकावर सिमेंट किंवा इपॉक्सीने बसवला तर जगू शकतो, हे खरं. पण कोणता तुकडा जिवंत, कोणता रोगट, कुठली जागा पुढच्या लाटेला टिकेल, हे पाहणाऱ्याला कळायला हवं. चांगल्या हेतूने हलवलेला रोगट तुकडा शेजारचा निरोगी घुमट घालवतो. त्याऐवजी पाण्यावर तरंगणारा कचरा उचला, लायनफिश (बाहेरून येऊन इथे माजलेला मासा) कुठे दिसले ते सांगा, सागरी क्षेत्राचं शुल्क न कुरकुरता भरा. बोटवाला प्रवाळावर नांगर टाकायला लागला तर नम्रपणे पण स्पष्ट नको म्हणा.

अपघात झाला तर?

कॅरिआकूच्या प्रिन्सेस रॉयल रुग्णालयाला बेरिलचा मोठा तडाखा बसला. गंभीर रुग्णाला मुख्य बेटावर न्यावं लागतं, हे धरूनच तयारी हवी. डीकम्प्रेशनचा (दाब घटल्याने शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार) संशय आला की पहिला उपाय शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १५ लिटर. हिशोब करा: दोन तासांच्या समुद्रप्रवासाला १,८०० लिटर लागतात. बोटीवर दिसणारं सुमारे ६४० लिटरचं लहान सिलिंडर चाळीस-बेचाळीस मिनिटांत संपतं. म्हणून ‘ऑक्सिजन आहे’ एवढ्यावर थांबू नका, लिटर विचारा.

थेट चेंबर (वाढवलेल्या दाबाखाली उपचार करायची बंद खोली) शोधत निघू नये. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हर्सना वैद्यकीय मदत देणाऱ्या संस्थेच्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करा. कुठलं चेंबर चालू आहे आणि कसं न्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतात. क्रमांक कागदावरही लिहून ठेवा, कारण फोन बंद पडतात.

खोली आणि जागा अशी निवडा की गरजच पडू नये: दिवसाला दोनच डाइव्ह, कमाल २५ मीटरच्या आसपास, डीकोमध्ये (वर येताना सक्तीने थांबावं लागेल इतका वेळ खाली राहणं) अजिबात न जाता, पाच मीटरवर तीन ऐवजी पाच मिनिटं थांबा. खिळे-पत्र्यांमुळे धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं हवं. साचलेल्या पाण्यामुळे डास वाढतात, डेंग्यूपासून जपा. पुराच्या पाण्यात उघड्या जखमेने चालू नका.

विमा कोणता?

दोन वेगळे विमे लागतात. भारतातल्या साध्या प्रवासविम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, किंवा खोलीची अट असते. डाइव्हिंगच्या अपघाताचा विमा स्वतंत्र काढा, त्यात विमानाने हलवण्याचा खर्च आहे ना ते वाचा. सहल रद्द होण्याच्या विम्यात वादळाचं कलम शोधा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या पॉलिसीत ते वादळ धरत नाहीत.

व्हिसा आणि मार्ग?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ग्रेनाडाला आधी व्हिसा लागत नाही. अडचण वाटेतली: अमेरिकेतून नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. ब्रिटन आणि कॅनडाचे ट्रान्झिटचे नियमही तिकिटाआधी पाहा. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे किंवा जे तिकडेच राहतात, त्यांना मार्ग सोपा.

त्रिनिदादमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. तिथून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.

शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांत किती अंतर?

एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, रोजचे डाइव्ह असतील तर १८. आम्ही २४ सांगतो. कॅरिआकू ते ग्रेनाडाचं वीस मिनिटांचं छोटं विमानही यात धरा. फेरीने गेलात तर ही अट नाही. म्हणून शेवटचा डाइव्ह सकाळी, दुपारी फेरी, रात्र सेंट जॉर्जेसमध्ये आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान अशी आखणी ठेवा. समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाली तर हाती एक दिवस उरावा, म्हणून परतीचं तिकीट त्याच्याही एक दिवस पुढचं काढा.